अनसिंगला दिलेली बोंडी

"थांबा मॅडम, एक मिनिट. मरून राह्यलं ते."

नजमाआपा माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी ब्लाउजचं कापड हातात धरून उंबऱ्यातच थबकले. घरात कुणी अत्यवस्थ असेल तर कपडे शिवायला टाकायची ही वेळ नव्हे, एवढं मला कळत होतं. पण बाईंच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नव्हता. शिलाई मशीनवर अर्धी बाही अडकलेली, गळ्यात टेप, आणि दोन्ही हातांत साबणाच्या वडीएवढं एक राखाडी यंत्र. त्यावर दोन्ही अंगठे असे चाललेले, की मशीनची सुई काय चालेल. शेवटी यंत्रातून टिंगटिंग वाजलं, बाई "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाल्या आणि मान वर करून मला विचारतात, "हां, गळा मागून किती खोल ठेवू?"

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेवर नुकतीच लागले होते. माझं गाव धनज, शाळा कारंज्याजवळची, म्हणून कारंज्यात आपांच्याच घराची वरची खोली, त्यांच्या यजमानांशी बोलून, भाड्यानं घेतली होती. जयंतीच्या मिरवणुकीसाठी पांढरा ब्लाउज हवा होता. तो त्यांनी फार सुरेख शिवून दिला. पण त्या दिवशी मी खोलीवर परतले ती ब्लाउजचा विचार करत नव्हे. पस्तिशीची, दोन लेकरांची आई, मोहल्ल्यातल्या निम्म्या बायकांचे कपडे शिवणारी ही बाई नेमकं काय मारत होती, हेच डोक्यात घोळत होतं.

तो एक व्हिडिओ गेम होता. त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण आपांच्या घरात त्याला सरळ 'जनावरं' म्हणत. आपा कुठं आहेत असं विचारलं की त्यांचे मालक हाशमभाई सांगत, "जनावरं चारून राह्यली." हाशमभाई टेम्पोवर कापसाच्या गाठी वाहायचे. त्यांच्या सौदीहून आलेल्या चुलतभावानं हे यंत्र थोरल्या मुलासाठी आणलं होतं. मुलाला हवी होती बॅट. त्यानं यंत्र फेकून दिलं आणि घरातली वस्तू वाया घालवायची नाही, या एकाच तत्त्वावर आपांनी ते उचललं. मग ते त्यांच्या हातून कुणालाच सोडवता आलं नाही.

गेम समजायला सोपा. आपण गावोगाव हिंडायचं. गवतात शिरलं की एखादं विचित्र जनावर आडवं येतं. कुणाच्या अंगातून जाळ निघतो, कुणी पाणी फेकतं, कुणाच्या पाठीवर झाड उगवलेलं. आपलं जनावर त्याच्याशी लढवायचं, ते दमलं की जाळं टाकून धरायचं, मग त्यालाही शिकवून मोठं करायचं. अशी शेकड्यानं जनावरं, आणि सगळी गोळा करणं हे ध्येय. आपा प्रत्येक जनावराला नाव देत. सतत पळून जाणाऱ्या एका कोल्ह्याचं नाव त्यांनी 'उधारी' ठेवलं होतं. तोंडानं जाळ काढणाऱ्या एका नागिणीला नणंदेचं नाव होतं, पण ते मी इथं लिहिणार नाही, कारण त्या अजून हयात आहेत.

आपांची शाळा सातवीपर्यंतची, तीही उर्दू. इंग्रजी त्यांना या गेमनंच शिकवलं, आणि ते त्या खुशाल कुठंही वापरायच्या. डॉक्टरांच्या तोंडावर सांगायच्या, "हे गोली इफेक्टिव नाही, दुसरी द्या." हाशमभाई न सांगता बाहेर सटकले तर "एस्केप झाले" म्हणायच्या. आणि एक नियम सगळ्या गिऱ्हाइकांना पाठ होता: आधी सेव, मग च्या. म्हणजे यंत्रात खेळ नीट जपून ठेवल्याशिवाय त्या चहाचं आधणही ठेवत नसत. एकदा तहसील कचेरीतल्या साहेबांच्या सौभाग्यवती चांगल्या ताटकळल्या होत्या. आपांचा नाइलाज होता. गवतात काहीतरी निघालं होतं.

त्यांची लढवायची रीतही उफराटी. जगातला कुठलाही खेळाडू सगळ्यात ताकदीचं जनावर पुढं काढतो. आपा सगळ्यात कमजोर आधी पाठवायच्या. ते आपटी खायचं, त्याला उचलून गेममधल्या दवाखान्यात न्यायचं, की पुन्हा तेच पुढं. मी एकदा न राहवून म्हटलं, आपा, अशानं तुम्ही कधी जिंकायच्या? त्या म्हणाल्या, "जे घरातच बसन ते कायले शिकन? मार खाऊ द्या. मी हाय ना मागं." हे तत्त्व त्यांनी माझ्यावरही चालवलं. केंद्राच्या बैठकीत बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळायची. आपांनी मला आरशासमोर उभं केलं, हातात कैची दिली माईक म्हणून, आणि पूर्ण भाषण म्हणवून घेतलं. बैठकीत सगळ्यात आधी मीच उठले. आपटी खाल्लीच, पण पुढच्या खेपेला कमी.

या सगळ्या कळपात त्यांचा जीव होता तो बोंडीवर. कापसाच्या बोंडासारखं पांढरं, गोल, दोन टिकल्यांएवढे डोळे असलेलं हे जनावर त्यांना अगदी सुरुवातीला, पहिल्याच गवतात मिळालं होतं. आपांनी तिला इतकं शिकवलं की ती डोंगराएवढ्या जनावरांना लोळवू लागली. पण अंगानं मात्र तेवढीच. बाकीची जनावरं ठराविक शिकली की रूप पालटत, मोठी होत. बोंडी काही केल्या होईना. आपांनी तिला खाऊ घातलं, लढवलं, विश्रांती दिली. लेकराचं वजन का वाढत नाही म्हणून आई दवाखाने पालथे घालते, तशातली गत झाली. शेवटी हाशमभाईंनी नागपूरच्या एका दुकानातून खबर आणली. ही जात आपल्या यंत्रात कधीच मोठी होत नाही. वायर जोडून दुसऱ्याच्या यंत्रात पाठवली, की तिथं पोचताच मोठी होते. मग ती परत मागून घ्यायची.

आपांनी पडद्यावरच्या बोंडीला एकदा नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "मंजे पोरीसारखंच हाय. घर बदललं का मोठी होते."

आता दुसरं यंत्र आणायचं कुठून? हाशमभाईंनी वायर आणून दिली, पण तिचं दुसरं टोक लावायला अख्ख्या कारंज्यात कुणी मिळेना. आपा गिऱ्हाइकांना विचारायच्या, तुमच्या सासरी आहे का, बहिणीकडे आहे का. सोयरीक शोधावी तसा शोध चालला होता आणि त्यात मीही कधी ओढली गेले, ते मला कळलं नाही. वाशीमला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. दुपारच्या डब्याला एक अनसिंगच्या बाई जावेच्या तक्रारी सांगत होत्या. जाऊ पिठाची गिरणी चालवते, गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं आणि ही आपली कसली तरी जनावरं धरत बसलेली असते. माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी त्या बाईंचा हात धरून पत्ता मागितला, त्या घाबरल्याच असाव्यात.

पुढच्या रविवारी आम्ही पहाटेच्या बसनं निघालो. कारंजा ते वाशीम, तिथून पुसदची गाडी धरून अनसिंग. आपांनी नवा सूट घातला होता, डब्यात शीरखुर्मा, आणि पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं यंत्र. मंगरूळपीरपर्यंत त्या बोलत होत्या, नंतर बोलेनात. मी विचारलं तर म्हणाल्या, "मानसं कशी असतील काय मालूम."

माणूस फार चांगलं निघालं. मंदाताई आपांच्याच वयाच्या, केसांवर, भुवयांवर पिठाची पांढरी झाक, आवाज गिरणीवरून ऐकू जाईल असा. त्यांचं यंत्र भावानं मुंबईहून पाठवलेलं. आजवर आपल्यासारखं कुणी भेटलंच नव्हतं, हे दोघींनी एकाच वेळी सांगितलं आणि मग जे सुरू झालं! तुम्हाला तो गुहेतला भेटला का, त्या पुलावरच्या म्हाताऱ्याला कसं हरवलं, बर्फातली वाट कशी सापडली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी इतकी खूश झाले होते की दोघींकडे आळीपाळीनं बघत नुसती मान डोलवत होते. जेवण झालं. मग वायर जोडली. आपांनी बोंडी पाठवली, मंदाताईंनी बदल्यात त्यांचं लाडकं पिठ्या नावाचं करडं जनावर पाठवलं, कारण या खेळात एक दिल्याशिवाय एक मिळत नाही.

मंदाताईंच्या पडद्यावर बोंडी थरथरली, पांढरा लख्ख उजेड झाला, आणि त्यातून दोन शिंगांचं, मानेवर ढगासारखी आयाळ असलेलं एक भव्य जनावर उभं राहिलं. आपांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. आता परत घ्यायची एवढंच उरलं होतं. एवढ्यात मंदाताईंनी आपांचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "बाई, एवढ्या मायेनं वाढवलेलं मले आनून देलं तुमी. आता हे तुमची आठवन. पिठ्याले तुमी संभाळजा. रिकाम्या हातानं कसं पाठवू तुमाले?"

मी आपांकडे पाहिलं. आपा मंदाताईंकडे पाहत होत्या. दोन शब्दांचं काम होतं. पण ज्या घरी आपण जेवलो, जिनं आपले हात हातात घेतले, तिला ही भेट नव्हती हो, परत द्या, असं म्हणणारी जीभ आपांना अल्लानं दिलीच नव्हती. आमच्याकडे शेजारणीचं भांडंसुद्धा रिकामं परत करत नाहीत. दिलेलं परत मागणं तर दूरच. आपा हसल्या आणि म्हणाल्या, "हाव, हाव. देलं ते देलं." आम्ही वायर गुंडाळली. मंदाताईंनी ज्वारीचं ताजं पीठ पिशवीत भरून दिलं. परतीच्या बसमध्ये आपांनी ते पीठ मांडीवर धरून ठेवलं होतं आणि वाशीम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या.

मी खूप भांडले त्यांच्याशी. फोन करा, खरं सांगा, त्या समजून घेतील. आपांचं एकच उत्तर: "देलेली लेक कोनी वापस मांगते का?" मंदाताईंशी मात्र घरोबा जडला. ईदीला आणि जयंतीला फोन ठरलेला. पाऊस, गुडघे, गिरणीचा पट्टा, मुलांची लग्नं, सगळं बोलणं व्हायचं. बोंडीचं नाव मात्र आपांच्या तोंडून चुकूनही निघत नसे. पिठ्या त्यांच्या कळपात होता, त्याची निगा त्या पाहुण्याच्या लेकरासारखी ठेवत. त्याला कधी लढाईत पुढं पाठवलं नाही. "दुसऱ्याचं हाय," म्हणायच्या.

वर्षं गेली. गेमचे नवे नवे भाग येत राहिले. आधी रंगीत, मग घडी घालायच्या यंत्रावरचे, मग घडी गेली. हाशमभाई नागपूरहून जुनी यंत्रं आणून द्यायचे आणि आपा प्रत्येक भाग नव्या नवरीच्या उत्साहानं सुरू करायच्या. बोंडीची जात प्रत्येक भागात असायची. आपा ती धरायच्या, शिकवायच्या, पण बोंडी हे नाव त्यांनी पुन्हा कुणालाच दिलं नाही. मग मोबाइलवरचा भाग आला. त्यात जनावरं खऱ्या रस्त्यावर निघतात, आपण खरोखर चालायचं असतं. आपांनी उभं कारंजा पालथं घातलं. जैन मंदिरांच्या गल्ल्या, एसटी स्टँड, धान्याचा बाजार. लोकांना वाटायचं, बाईंचं काही हरवलं आहे.

एकदा मी सोबत होते. कापसाच्या बाजारात गाड्या खाली होत होत्या आणि मोबाइल थरथरला. बोंडीचं मोठं रूप, तीच आयाळ, तीच शिंगं, थेट कापसाच्या गंजीवर. आपांनी हमालांना हात केला, "भाऊ, जरा थांबा." का थांबायचं ते कुणालाही कळलं नाही, पण सगळे थांबले, असा तो आवाज होता. मालावर चप्पल घालून चढायचं नाही म्हणून आपांनी चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि गंजीवर चढल्या. गुडघ्यापर्यंत कापसात रुतलेली, मोबाइल पुढं धरलेली बाई, आणि खाली श्वास रोखून उभा राहिलेला बाजार. जाळं दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा बसलं. आपांनी हात वर केला आणि अख्ख्या बाजारानं टाळ्या वाजवल्या, मी तर उड्या मारत होते. घरी येताना मी पेढे आणायचं बोलले. आपा म्हणाल्या, "आना. पन हे ते नाही."

पुढं माझी बदली वाशीमला झाली. गेल्या हिवाळ्यात आपांचा फोन आला तेव्हा आवाज ओळखू येईना. हाशमभाईंना नागपूरच्या दुकानदारानं सांगितलं होतं की जुन्या गेमच्या कॅसेटच्या पोटात एक बारका सेल असतो. आतली सगळी आठवण त्या सेलवर जगते. आता या जुन्या कॅसेटींचे सेल एकेक करून संपत आहेत. संपला की सगळं पुसलं जातं, आणि नवा घातला तरी जुनं परत येत नाही. आपांचा सेल कधी जाईल कुणास ठाऊक. अनसिंगचा कदाचित गेलाही असेल. या पहिल्या भागातली जनावरं मोबाइलवर नेता येत नाहीत, म्हणजे बोंडी कुठंच उरणार नव्हती.

"मागाल आता?" मी विचारलं.

"मांगनार नाही," आपा म्हणाल्या. "फक्त पाहून येतो."

पुन्हा तीच पुसदची गाडी. आपांचे केस पांढरे, माझा चष्मा जाड. पर्समध्ये मात्र रुमालात गुंडाळलेलं तेच यंत्र, आणि वायर. नुसतं पाहून यायला वायर कशाला, हे मी विचारलं नाही.

मंदाताई गिरणीतच होत्या. मिठ्या झाल्या, चहा झाला, नातवंडांचे फोटो झाले. दोघींपैकी एकही मुद्द्यावर येईना. अखेर आपांनी हळूच काढलं, की ते जुन्या कॅसेटचे सेल संपून राहिले आहेत म्हणे, म्हटलं तुम्हाला सांगावं. मंदाताईंच्या हातातली बशी खाली आली. त्या उठल्या, पिठाच्या हातांनी आत गेल्या आणि यंत्र घेऊन आल्या. खटका दाबला. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला. आपांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मग संगीत वाजलं. आतली आठवण शाबूत होती. मंदाताईंनी कळप उघडला, आणि पहिल्याच जागेवर, सगळ्यांच्या पुढं, शिंगं आणि आयाळीसकट बोंडी.

आपांनी पडद्यावर बोट ठेवलं.

मंदाताई म्हणाल्या, "एक सांगू का? राग नका मानजा. त्या दिवशी तुमी गेल्या, अन् मी रडत बसली. पिठ्या माहं पहिलं जनावर होतं. वाटलं, आज मांगतील, उद्या मांगतील आपलं अन् माहं मले भेटन. तुमी मांगलंच नाही. मंग मी कशी मांगू?"

आपा बघतच राहिल्या. मग त्यांना जे हसू फुटलं, ते मंदाताईंना लागलं, मग मला. एवढी वर्षं दोघी फोनवर गुडघे आणि पाऊस बोलत बसल्या होत्या. गिरणीवर आलेली गिऱ्हाईकं आत डोकावून बघू लागली.

आपांनी डोळे पुसले, ताठ बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाल्या, "मंदाताई, माही बोंडी मले वापस द्या."

वायर जोडली. अदलाबदल सुरू झाली आणि तेवढ्यात मंदाताईंच्या यंत्राचा लाल दिवा मंद व्हायला लागला. पेन्सिल सेल जुने होते आणि मध्येच बदलायची सोय नव्हती. मधेच यंत्र बंद पडलं तर दोन्ही जनावरं जातात, हे दोघींना माहीत होतं. आपांचे ओठ हलत होते. मंदाताई यंत्राला गोंजारत होत्या, "थांब रे बापा, थोडसाक थांब." दिवा विझला असं मला वाटलं, तोच आपांच्या यंत्रातून टिंगटिंग वाजलं. बोंडी कारंज्याची झाली होती, पिठ्या अनसिंगचा. मी आनंदानं एवढ्या जोरात ओरडले की गिरणीतल्या पोरानं मोटार बंद केली.

मंदाताईंनी पिठ्याला पाहिलं, हसल्या, आणि मग पडदा पदरानं पुसत म्हणाल्या, बोंडीची सवय झाली होती, घर आता सुनं लागेल. आपा म्हणाल्या, "कायले सुनं लागन? ईदीनंतर पाठवतो तिले, महिनाभर राहू द्या. पन आत्ताच सांगून ठेवतो, घ्यायले मी स्वता येईन."

नवे सेल आले, दोघींनी पुन्हा वायर लावली आणि बोंडी विरुद्ध पिठ्या अशी लढाई जुंपली. मला संध्याकाळी घरी पाहुणे यायचे होते. बाहेर पुसदहून आलेल्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. मी दारातून म्हटलं, आपा, बस. त्यांनी मान वर केली नाही.

"जाऊ द्या तिले," आपा म्हणाल्या. "मी आज अथीच राहीन."

मी धावत जाऊन गाडीत चढले. खिडकीतून गिरणीचं दार दिसत होतं. पिठाचे डबे घेऊन चार बायका रांगेत ताटकळल्या होत्या आणि मंदाताई त्यांना डाव्या हातानं थांबायची खूण करत होत्या. शेजारी आपा, पायांवर पीठ, तोंड उघडं, अंगठे चाललेले. बोंडी मार खात होती की देत होती ते इतक्या लांबून कळेना, आणि वाहकानं घंटी मारली.